मंगळवारचे पाणी

मी, हिलरी लुईस तुस्कानो, वय वर्षे शहात्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी न्यायाधीश, मधे काही काळ नगरसेवक, हल्ली काहीही नाही, राहणार उमेळे, तालुका वसई, जिल्हा पालघर, आज माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. माझी पत्नी पॉलिन हिचे माझ्या डोक्याबद्दल वेगळे मत आहे, परंतु ती या प्रकरणात हितसंबंधी असल्यामुळे तिचा पुरावा मी ग्राह्य धरत नाही.

मी घाबरून लिहीत नाही, हेही नमूद करतो. मागच्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हा मात्र घाबरलो होतो. सगळ्या तपासण्या झाल्या. आमच्या डॉक्टर विनिता यांनी कागद बघून सांगितले, "जजसाहेब, हृदयाला काही झालेलं नाही. पित्त आहे. रागावणं कमी करा." त्या दिवशी घरी येताना मला इतके हलके वाटले की रिक्षावाल्याने मागितले तेवढे भाडे मुकाट्याने दिले. घाबरलेल्या माणसाने मृत्युपत्र लिहू नये, हे मी कोर्टात पुष्कळ पाहिले आहे. असली मृत्युपत्रे पुढे वीस वर्षे चालतात आणि त्यावर वकिलांची पोरे शिकतात.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली, ती सर्व रद्द समजावीत. तिसरे तर निवडणूक हरल्यावर दुसऱ्याच दिवशी केले होते आणि त्यात माझ्या धाकट्या भावाला, आग्नेलला, एक नारळसुद्धा मिळू नये अशी तजवीज होती. ते मी आज सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातले.

खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप आठव्या कलमासाठी आहे. ते आग्नेलचे कलम. आमच्या वडिलांच्या वाडीतला माझा अर्धा हिस्सा आणि बावखलातले, म्हणजे आमच्या तळ्यातले, माझे पाणी त्याने घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. तो घेईल की नाही, ठाऊक नाही. दहा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही आणि माझ्याकडून झाडाचे पानही घेणार नाही, असे त्याने गावभर सांगून ठेवले आहे. त्याने घेतले नाही तर ते तळे बुजवले जाईल. बाकीची कलमे मी रीत म्हणून लिहितो.

कलम १. राहते घर पॉलिनचे. यात अटी नाहीत. आमच्या बदल्यांच्या काळात या बाईने मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या सरकारी निवासस्थानांत संसार केला, प्रत्येक गावी नव्या शाळेत नोकरी शोधली, आणि न्यायाधीशाच्या बायकोने कोणाकडे हळदीकुंकवालाही जायचे नाही हा माझा नियम निमूटपणे पाळला. निमूटपणे हा शब्द तिने आत्ता वाचला आणि खोडायला सांगितला. मी खोडत नाही. घर तिचे आहे, मृत्युपत्र माझे आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते पॉलिनचे, तिच्यानंतर मुलगा रायन आणि मुलगी एलिसा यांना सारखे. मुले समजूतदार आहेत, जास्त लिहिण्याची गरज नाही.

कलम ३. कायद्याच्या पुस्तकांची दोन कपाटे. एलिसा चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्याकडे आताच पाय ठेवायला जागा नाही. रायन कॅनडात. तेव्हा ही पुस्तके जो तरुण वकील स्वतः टेम्पो घेऊन येईल त्याला द्यावीत. फोटो काढून पाठवा म्हणणाऱ्याला देऊ नयेत.

कलम ४. लाकडी हातोडा. हा मला नगरसेवक झाल्यावर एका मंडळाने सत्कारात दिला. आपल्याकडच्या न्यायाधीशाच्या टेबलावर हातोडा नसतो. तो सिनेमातल्या न्यायाधीशाकडे असतो. मी सगळी वर्षे "शांतता राखा" एवढ्यावर कोर्ट चालवले. हातोडा चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडायला उत्तम आहे, तसा तो स्वयंपाकघरात वापरात आहेच. तो तिथेच राहावा.

कलम ५. माझे शाईचे पेन एलिसाला. फाशीची शिक्षा लिहिल्यावर न्यायाधीश पेनाची निब मोडतात, अशी आमच्यात जुनी रीत आहे. या पेनाची निब शाबूत आहे. सत्र न्यायाधीश असताना एकदा वेळ अगदी दाराशी आली होती. सरकारी वकिलांनी फाशीच मागितली होती आणि बाहेर लोक उभे होते. मी जन्मठेप लिहिली, कारणे लिहिली, वरच्या कोर्टाने ती मान्य केली. निकाल वाचून मी आत गेलो, माझे लघुलेखक जयवंत यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मला रडू आले. सुटल्यासारखे वाटले. माझ्या कारकिर्दीत पदके नाहीत, बढत्याही उशिरा झाल्या, पण ही न मोडलेली निब मी मिरवतो. एलिसाने हे पेन चेकबुकावर सह्या करायला खुशाल वापरावे.

कलम ६. राजकारणातली मिळकत. शाली पुष्कळ, मानचिन्हे त्याहून पुष्कळ, आणि माझी निशाणी छापलेल्या छत्र्यांचा एक गठ्ठा. शाली ज्यांना थंडी वाजते त्यांना वाटाव्यात. छत्र्या कोणीही न्याव्यात, एक पावसाळा टिकतात.

यानिमित्ताने माझे राजकारण थोडक्यात सांगतो. निवृत्त झाल्यावर गावातली माणसे घरी आली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही उभे राहा, तुमच्यावर कोण बोट ठेवणार?" मी अपक्ष उभा राहिलो, निवडून आलो. पाच वर्षे गटारे, दिवे आणि पाण्याच्या टाक्या यांच्यामागे फिरलो. कोर्टात मी बोललो की माणसे गप्प बसत. पालिकेत मी बोलू लागलो की माणसे चहाला जात. तरीही दुसऱ्यांदा उभा राहिलो. अशा वेळी अक्कल कुठे जाते, कळत नाही. आणि त्या वेळी माझ्याच वॉर्डात, माझ्याविरुद्ध, माझा सख्खा भाऊ उभा राहिला. माझी छत्री, त्याचा नारळ.

पुढे जे झाले ते आमच्याच गावात होऊ शकते. एकाला मत दिले तर दुसऱ्याच्या घरी उद्या तोंड कसे दाखवायचे, म्हणून घराघरात मते वाटून घेतली गेली. नवऱ्याचे मत हिलरीला, बायकोचे आग्नेलला. चौघे असतील तर दोन इकडे, दोन तिकडे. पाच असतील तर म्हातारीला मतदानालाच नेले नाही. सगळ्यांनी दोघांचेही मन राखले आणि फुलपाड्याहून आलेला, चर्चचा रस्ता विचारत प्रचार करणारा तिसराच गडी निवडून आला. नंतर लोक माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, आम्ही तुम्हालाच दिलं." आग्नेलकडे जाऊनही हेच म्हणाले. दोन्हीकडे खरेच बोलले.

पडलो त्या संध्याकाळी पॉलिनने बोंबील तळले आणि मी पोटभर जेवलो. सकाळी सहाला कोणाचाही फोन आला नाही. इतके बरे मला निवडून आल्यावरसुद्धा वाटले नव्हते.

कलम ७. जुने हिशेब. माझ्याविरुद्ध निनावी अर्ज करणारा वकील, माझ्या नावाची पाटी उलटी लावणारा ठेकेदार, आणि मी पडल्यावर दारात फटाके लावणारी मुले, या सर्वांना माफ केले. मुलांना तर तेव्हाच केले, त्यांनी फटाके चांगले आणले होते. एकाच गृहस्थाला माफ करत नाही. त्यांनी माझ्या सत्कारसभेत सव्वा तास भाषण केले होते. ते माझ्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आले तर येऊ द्यावे, माईक देऊ नये. मयताच्या वेळी फ्लेक्स लावायचा नाही. फादरांना उपदेश लहान करण्याची विनंती करावी. गावात चार दिवस फ्लेक्सवर माझा फोटो हसत उभा आहे, हे मला चालणार नाही.

कलम ८. वाडी आणि बावखल.

बाहेरच्या माणसाने हे मृत्युपत्र वाचले तर त्याला समजावे म्हणून लिहितो. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे तळे. आमचे बावखल चार घरांचे आहे आणि त्याचे पाणी पाळीने मिळते. रहाट होता तेव्हा पाळी होती, मोटारी आल्या तरी पाळी आहे. आमच्या घराला दोन दिवस. पपा गेल्यावर मंगळवार मला आला, शुक्रवार आग्नेलला. वाडी आमच्या दोघांत अर्धी अर्धी आहे, वाटणी झालेली नाही.

मी नगरसेवक असताना बावखलाच्या वरच्या अंगाला रात्रीतून बांधकामांचे डेब्रिज पडू लागले. चारपैकी एका घराने फ्लॅट घेऊन गाव सोडले होते आणि त्यांच्या बाजूने ट्रक येत. आग्नेलने मार्ग काढला. बावखल आमच्या पपांनी खणले, ते एकट्या तुस्कानोंचे आहे, असा अर्ज त्याने केला, म्हणजे कुंपण घालून ट्रक अडवता येतील. गावची बैठक चर्चच्या सभागृहात बसली. सगळ्यांसमोर त्याने मला विचारले, "भाऊ, तू जज होतास, तूच सांग, बावखल कोनाचं?" मी सांगितले, "चार घरांचे. सातबारा तसेच सांगतो." त्यावर आग्नेल एवढेच म्हणाला, "भाऊ म्हनून गप तरी बसायचं होतंस." आणि सभागृहातून निघून गेला.

मी बरोबर होतो. आजही आहे. बावखल चार घरांचे ठरले, म्हणूनच फ्लॅटवाल्यांना ते एकट्याने विकता आले नाही आणि ट्रक थांबले. पण तोही बावखल वाचवायलाच निघाला होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. दहा वर्षे मी बरोबर आहे आणि आता मला बरोबर असण्याचा कंटाळा आला आहे.

तेव्हापासून आग्नेल मला गावात जजसाहेब म्हणतो, तेही माझ्याकडे न बघता. मंगळवारी तो मोटारीला हात लावत नाही. मे महिन्यात त्याच्या केळी माना टाकतात, माझ्या हिश्शाला लावलेला गडी पाणी सोडून मोकळा होतो, आणि हा कुंपणापलीकडे उभा राहून शुक्रवारची वाट बघतो. गेल्या उन्हाळ्यात पॉलिन त्याला म्हणाली, "आग्नेल, तुझ्या केळींनी कुठे निवडणूक लढवली होती?" तो हसला म्हणे, पण पाणी घेतले नाही.

रायनला मी वाडीबद्दल विचारले. तो स्पष्ट बोलला, "पप्पा, मी काय तिथे येऊन केळी लावणार आहे? माझ्या नावावर ठेवलीत तर मला विकावीच लागेल. नंतर मला दोष देऊ नका." त्याचे चूक नाही. एलिसा म्हणाली, आग्नेल अंकलना द्या, तेच तिचे खरे मालक. आणि आमचा हिस्सा एकदा विकला गेला की फ्लॅटवाल्यांना धरून चार घरांपैकी दोन बाहेरची होतील. मग बावखलाचे काय होते, हे नगरसेवक म्हणून मी इतर ठिकाणी पाहिले आहे. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

म्हणून वाडीतला माझा संपूर्ण अविभक्त अर्धा हिस्सा आणि मंगळवारचे पाणी माझा भाऊ आग्नेल लुईस तुस्कानो यास देत आहे. पाण्याची पाळी मृत्युपत्राने देता येते का, यावर दोन वकील बसवले तर तीन मते निघतील. त्यांनी भांडत बसावे, आग्नेलने मोटार सुरू करावी. त्याने स्वीकारले नाही तर हा हिस्सा रायनकडे जाईल.

कलम ९. माझे लघुलेखक आणि मित्र श्री. जयवंत राऊत, राहणार चंदनसार, यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. माझी सगळी निकालपत्रे त्यांनी टंकित केली आणि माझे संतापलेले शब्द न विचारता गाळले. या मृत्युपत्रातलेही गाळावे लागतील का, असे मी विचारले. ते म्हणाले, "साहेब, आता निवृत्त झालोय, राहू दे."

कलम १०. हे कलम मसुद्यात नव्हते. कोर्टात जसा दिवसाचा रोजनामा लिहितात, तसे आज सकाळी जे घडले ते लिहितो, कारण त्याचा आठव्या कलमाशी संबंध आहे.

जयवंत पहिले साक्षीदार म्हणून आले. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टर विनिता वाटेतूनच एका बाळंतपणासाठी परत फिरल्या. आता दुसरे कोण, याचा विचार चालू असताना स्वयंपाकघराच्या दाराने आग्नेल आत आला. पायाला वाडीतला चिखल तसाच होता. पॉलिनने पहाटेच कुंपणापाशी उभे राहून त्याला आठवे कलम वाचून दाखवले होते, हे मला तेव्हा कळले.

"माज्या नावावर कायतरी लिवलंस म्हने," तो म्हणाला.

"लिहिले आहे."

"माला नको."

"नको म्हणायचा तुला हक्क आहे. पण मी मेल्यावर. आत्ता नाही."

"तू मेल्यावर मी नको कोनाला सांगू?"

पॉलिनने त्याच्यापुढे चहा ठेवला. दहा वर्षांत तो या टेबलाशी बसला नव्हता. जयवंतांनी अदबीने विषय बदलला आणि म्हणाले, दुसरा साक्षीदार बघायला हवा.

"साक्षीदार म्हंजे काय करायचं?" आग्नेलने विचारले.

जयवंतांनी सांगितले की साहेब शुद्धीत आहेत आणि त्यांनी समोर सही केली, हे पाहून आपली सही करायची.

"एवढंच ना? आन तो पेन." आग्नेलने जयवंतांच्या खिशातले बॉलपेन जवळजवळ ओढूनच घेतले. "वाडी माला नको. पन सही करतो. निवडनुकीत मीच माईकवर बोल्लो, जजसाहेबाचं डोकं फिरलंय. आता मीच लिवून देतो, नाय फिरलेलं."

ही माझ्या भावाची माफी होती. त्याला दुसऱ्या कोणत्या रीतीने मागता आली नसती आणि मला दुसऱ्या कोणत्या रीतीने घेता आली नसती. मी तिथेच गप्प बसलो असतो तर तो क्षण पुरा झाला असता. पण तोवर त्याने मी सही करायच्या आधीच कागद पुढे ओढून दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी पहिले अक्षर लिहिले होते, आणि माझ्या तोंडून कोर्टातला आवाज निघाला, "थांब!"

त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, मला त्याची सही नको आहे. मी घाईघाईने समजावले. भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६७. ज्याला मृत्युपत्रात काही दिले आहे, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेले रद्द होते. तू सही केलीस की आठवे कलम गेले. वाडी रायनकडे.

आग्नेलने आपण लिहिलेल्या अक्षरावर बोट ठेवले. मग म्हणाला, "म्हंजे सही केली तर तुजा साक्षीदार, नाय केली तर वाडी. दोनातलं एकच."

"हो."

"रायन विकेल?"

"विकेल. त्याने लपवलेले नाही."

"हा कायदा पन तुज्यासारखाच हाय," तो म्हणाला. पॉलिन मोठ्याने हसली. जयवंत शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघू लागले. निकाल माझा नव्हता आणि ज्याचा होता तो विचार करत होता, अशा वेळी गप्प बसावे हे मी कोर्टात शिकलो आहे, गावच्या त्या एका बैठकीत मात्र विसरलो होतो की काय, कोण जाणे.

मग त्याने बॉलपेन पुन्हा टेकवले आणि आपणच लिहिलेले अक्षर आडव्या दोन रेघांनी खोडले. चहा संपवला. उठताना म्हणाला, "भाऊ, शकूला बोलव. तिला यातलं काय मिलत नाय ना?"

शकूला, म्हणजे शेजारच्या शकुंतला पाटील यांना, या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही, हे मी खात्रीपूर्वक नमूद करतो. त्या हात पुसत आल्या. आग्नेल मागच्या दाराने वाडीकडे गेला आहे. न झालेल्या एका सहीचा इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झालेला नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, आणि आज सकाळपासून जरा जास्तच खुशीने, लिहून पुरे केले. पुढील दोघांच्या समक्ष मी सही करतो. दोघे माझ्या समक्ष सह्या करतात.

लिहून ठेवणार : हिलरी लुईस तुस्कानो (सही)

साक्षीदार
१. जयवंत राऊत, राहणार चंदनसार, विरार पूर्व (सही)
२. <s>आ</s> शकुंतला पाटील, राहणार उमेळे (सही)

स्थळ : उमेळे, वसई
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

साक्षीदार क्रमांक २ येथील 'आ' हे अक्षर माझा भाऊ आग्नेल लुईस तुस्कानो याने माझ्यासमक्ष स्वतः लिहिले आणि स्वतः खोडले. खाडाखोड मला मान्य आहे. — हि. लु. तु.